बोंबील वाळवणारी मैना

१

बोंबलाच्या लेखात कुणीतरी पुन्हा मैना घुसवली, ही बातमी प्रताप चुरीला कळली तेव्हा तो पालघरच्या बाजारात दुधी निवडत होता. फोन उत्कर्षाताईंचा होता आणि आवाज चांगलाच चढलेला होता.

“तिसऱ्यांदा, प्रताप! लेख मुखपृष्ठावर जायचा आणि हे असलं!”

“मैना म्हणजे... पक्षी?”

“पक्षी असता तर मी फोन केला असता का? तमाशातली मैना! फोटोखाली काय लिहिलंय ते वाच आणि मग बोल.”

प्रताप दुधी हातात धरून तसाच उभा राहिला. भाजीवाल्या बाईने तो दुधी काढून घेतला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिला, तेही त्याच्या लक्षात आलं नाही. गोंधळणं हा त्याचा जन्मजात गुण. बोईसरच्या एका औषधाच्या कारखान्यात तो तपासणी विभागात होता आणि तिथे हा गुण फार उपयोगी पडे. सगळ्यांना सगळं पटलेलं असताना एकट्या प्रतापचं डोकं खाजवणं सुरू असायचं, आणि बऱ्याचदा त्यातूनच चूक सापडायची. घरी मात्र त्याचा उपयोग शून्य होता.

नोकरी सोडून त्याला एक नाद होता. इंटरनेटवरच्या मराठी मुक्त ज्ञानकोशात तो लेख लिहायचा, दुसऱ्यांनी लिहिलेले सुधारायचा. पगार नाही, लेखावर नाव नाही, मानमरातब तर नाहीच. पालघरच्या बाजूचे असे चार खुळे एकत्र आले होते. मुरबे गावची भाविका लिहायची, अणुवीज केंद्रातला प्रीतम संदर्भ शोधायचा, शाळेत मराठी शिकवणाऱ्या उत्कर्षाताई ऱ्हस्व-दीर्घाची काळजी घ्यायच्या आणि प्रताप तक्ते करायचा. शिवाय तो प्रचालक होता. म्हणजे भांडणं सोडवायची आणि खोड्या करणाऱ्यांना बाहेर काढायचं, हे नको ते काम त्याच्याकडे होतं.

चौघांनी मिळून ‘बोंबील’ हा लेख वर्षभर घासूनपुसून चकचकीत केला होता. त्यात भाविकाने काढलेला एक फोटो होता. दोऱ्या ताणलेला बांबूचा मांडव, दोन-दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगलेले, आणि दोन्ही हात वर करून ते टांगणारी एक बाई. चेहरा अर्धा पदराआड, हातात हिरव्या बांगड्या, बांगड्यांच्या वर जुन्या गोंदणाचे पुसट डाग. खाली ओळ होती: ‘मुरबे येथे बोंबील वाळवणारी महिला’.

प्रतापने फोनवर लेख उघडला. आता तिथे होतं: ‘मुरबे येथे बोंबील वाळवणारी मैना’.

बाकी काना-मात्रेलाही धक्का नव्हता. बदल करणाऱ्याने कारणाच्या चौकटीत लिहिलं होतं: ‘आदी हेच होतं’.

प्रतापने लेखाचा इतिहास उघडला. ज्ञानकोशात प्रत्येक लेखाला इतिहास असतो. कोणी कधी काय बदललं ते सगळं राहतं, पुसता येत नाही. अगदी पहिल्या दिवसापासून तिथे ‘महिला’च होतं. ‘मैना’ तिथे आधी कधीच नव्हती.

मग हा माणूस खोटं का बोलत होता? आणि तेही इतकं सहज पकडलं जाईल असं?

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. त्याचा मेहुणा होता. “भाऊजी, विजू घरी आहे का? फोन उचलत नाहीये.”

“घरीच असेल,” प्रताप म्हणाला आणि फोन ठेवून बिनदुधीचा घरी निघाला. वाटेत प्रीतमचा निरोप आला. तो वाचून मात्र त्याचे पाय रस्त्यातच थांबले.

‘खोडी करणारा सापडला. आपली भाविका.’

२

बोईसर स्टेशनबाहेरच्या टपरीवर प्रीतमने त्याला पुरावा समजावून सांगितला. प्रीतम मूळचा सांगलीकडचा. संदर्भाशिवाय तो स्वतःचं वयही सांगणार नाही, असं उत्कर्षाताई म्हणायच्या.

“हे बघा प्रतापराव. खात्यात न शिरता कुणी बदल केला की नावाच्या जागी त्याच्या इंटरनेटच्या जोडणीचा क्रमांक उमटतो. तिन्ही वेळा हा एकच क्रमांक आहे. आणि गेल्या पावसाळ्यात भाविका खात्यात शिरायला विसरली होती, आठवतंय? तेव्हा तिच्या बदलापुढे हाच क्रमांक उमटला होता. तिच्या घरचं वायफाय आहे हे.”

“पण भाविका असं कशाला करेल?”

“सूड, दुसरं काय!”

सुडाचं कारण तसं होतं. फोटोखाली ‘सुकवणारी’ लिहायचं की ‘वाळवणारी’, यावरून भाविका आणि प्रीतम चर्चापानावर पंधरा दिवस भांडले होते. आमच्याकडे बोंबील सुकवतात, भाविका म्हणत होती. छापील संदर्भात वाळवणे आहे, प्रीतम म्हणत होता. शेवटी मत घेतलं आणि भाविका हरली.

“चिडली आणि लेखाची चेष्टा मांडली,” प्रीतम म्हणाला. “नाव लपवून स्वतःच्याच लेखात घाण करायची, याला नियमात कायमची बंदी आहे. तुम्ही प्रचालक आहात. रविवारपर्यंत निर्णय द्या, नाहीतर मी वर तक्रार करतो.”

कायमची बंदी म्हणजे भाविकाचं खातं बंद होणार होतं, आणि तिच्या पानावर लाल पट्टी लागणार होती: ‘या सदस्याने विश्वासघात केला’. तिने मुरब्याची होडी, जाळी, लग्नातली गाणी, सगळं त्या कोशात आणून ठेवलं होतं. ते लेख राहिले असते, पण लिहिणारीच्या नावाला कायमचा डाग लागला असता.

“तुमच्या फोनमध्येही तिच्या वायफायचा पासवर्ड असेल ना?” प्रतापने विचारलं. “आपण सगळे तिच्याकडे जेवायला गेलो होतो.”

“असेल. पण परवा हा बदल झाला तेव्हा मी कामावर होतो. फोन दारातच जमा करावा लागतो आमचा.”

“साहब, चाय ठंडी हो गयी,” टपरीवाला म्हणाला. प्रतापने थंड चहा एका घोटात संपवला.

उरल्या उत्कर्षाताई. प्रताप त्यांच्या घरी गेला. परवा कुठे होतात, असं विचारल्यावर त्या एकदम सावरून बसल्या. “मी? शाळेत. दिवसभर.” पण बोलताना त्यांनी मांडीवरची पर्स पोटाशी घट्ट धरली, आणि खोलीत एक वास दरवळत होता. प्रताप समुद्रकाठच्या केळव्याचा. तो वास त्याला झोपेतही ओळखता आला असता.

“ताई, पर्समध्ये सुका बोंबील आहे का?”

उत्कर्षाताईंनी आधी दार लावलं. “हळू बोल! सासूबाई आत आहेत. आमच्या घरात कांदासुद्धा विचारून आणतात.” मग हळूच म्हणाल्या, “परवा शाळा सुटल्यावर मुरब्याला गेले होते. भाविकाच्या शेजारणीकडून घेते मी, आणि मैत्रिणीच्या घरी करून खाते. आता खुनाचा आळ आला तरी चालेल, पण हे बाहेर जाऊ देऊ नकोस.”

म्हणजे परवा उत्कर्षाताई भाविकाच्या दाराशी होत्या, आणि खोटंही बोलल्या होत्या. पण एक अडचण होती. ‘आधी’ला ‘आदी’ लिहायची वेळ आली असती तर उत्कर्षाताईंनी फोन समुद्रात टाकला असता.

आणि भाविका तरी कुठे चुकीचं लिहायची? प्रतापचा गोंधळ वाढतच चालला. शेवटी त्याने तिलाच फोन लावला.

ती म्हणाली, “दादा, माझं खातं बंद करून टाका.”

“म्हणजे तू केलंस?”

“मी नाही केलं. पण कोणी केलं ते विचारू नका.”

आणि तिने फोन ठेवला.

३

खाडीवरचा पूल ओलांडून रिक्षा मुरब्यात शिरली तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. भाविका ओट्यावर बसली होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

“कुणाला वाचवतेस?” प्रतापने सरळ विचारलं.

तिने घराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. “बबलूभावजींना. माझे दीर. त्यांना फार थट्टा सुचते. गावात कुणालाही सोडत नाहीत. तो फोटो आमच्या आईंचा आहे, दादा. माझ्या सासूबाईंचा. स्वतःच्या आईच्या फोटोखाली भावजींनीच असलं लिहिलं हे आईंना कळलं तर घरात काय होईल? त्यापेक्षा मी गेलेली बरी.”

“फोटो सासूबाईंचा आहे हे तू कधी बोलली नाहीस?”

“कोशात साध्या माणसाचं नाव द्यायचं नसतं ना. म्हणून महिला लिहिलं.”

नेमका तेव्हाच बबलू खांद्यावर जाळं टाकून आला. दांडगा गडी, दाढीत हसू. प्रतापने त्याला लेख दाखवला. तो वाचून आधी खो खो हसला आणि मग फोटो नीट बघू लागला.

“ही तर आमची आय हाय! कोणी लिवलं ह्ये?”

“तू नाही?”

“मी? आमी दोगं भाऊ सोमवारपासून बोटीवर व्हतो, आता आलो. समिंदरात कुटं आलंय नेटवर्क?” त्याचे कान लाल झाले होते. “ज्यानं केलं त्याला दाखवा मला. सोडनार नाय.”

भाविकाचा चेहरा पांढरा पडला. दीर नव्हता. नवराही बोटीवर होता. मग त्या दिवशी घरात लिहिणारं राहिलं कोण? ती एकटी. तिने स्वतःच्याच हाताने गळ्याभोवती फास आवळून घेतला होता, आणि आता सोडवायला कोणी नव्हतं.

भाविकाच्या सासूबाई, काशीबाई, चहा घेऊन बाहेर आल्या. उंच, सडपातळ बाई. बशी पुढे करताना मनगटावरच्या बांगड्या मागे सरकल्या आणि हातावरचं हिरवं गोंदण क्षणभर दिसलं. त्यांनी लगेच पदर ओढून घेतला.

“काय झालं भाऊ? सूनबाय दोन दिस जेवली नाय.”

प्रतापने जमेल तसं सांगितलं. लेखात कुणीतरी चावटपणा केलाय, आणि त्याचा आळ भाविकावर आलाय.

“चावटपना?” काशीबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. “कसला?”

ते सांगायला कोणाचीच जीभ रेटेना. प्रताप म्हणाला, “तुम्ही फोनवर काही लिहिलंत का, मावशी?”

“मला कुटं लिवता येतं? चौथी शिकले मी. वाचते जरा जरा.”

“हा फोटो मात्र तुमचाच ना? काशीबाईंचा?”

त्यांनी फोन हातात घेतला. बराच वेळ बघत राहिल्या. मग फोन परत देत शांतपणे म्हणाल्या, “ही काशी नाय.”

“आई!” भाविका उभीच राहिली. “मी काढलाय तो. आपल्या मांडवात, माझ्या हातानं काढलाय!”

“काडला असशील,” काशीबाई म्हणाल्या. “पन ही काशी नाय.” आणि रिकामा कप उचलून त्या आत गेल्या.

४

परतीच्या रिक्षात प्रतापने डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. तीन दिवसांत त्याला खूप काही समजलं होतं, आणि त्यातलं एकही दुसऱ्याशी जुळत नव्हतं. खोडी करणारा एक शब्द बदलून थांबतो. कोणी तो पुसला तर चिडत नाही, शिवी देत नाही, पुन्हा येऊन तोच शब्द ठेवतो. आधी हेच होतं म्हणतो, पण इतिहासात ते नसतं. सून म्हणते फोटो सासूचा, सासू म्हणते माझा नाही. भांग प्यायल्यासारखं झालं होतं त्याला.

खरंच दुसरी बाई असेल का? लेखातला फोटो काडेपेटीएवढा. प्रतापने कोशाच्या भांडारातला मूळ मोठा फोटो उघडला आणि बोटांनी ताणत नेला. अर्धा चेहरा दिसत होता. नाक तेच, बांगड्या त्याच. मग बांगड्यांच्या वरचे ते हिरवे डाग मोठे झाले, आणि प्रतापने रिक्षा थांबवायला लावली.

ते डाग नव्हते. ती अक्षरं होती. पुसट, वेडीवाकडी, कातडीबरोबर ताणली गेलेली. पहिल्यावर दोन मात्रा होत्या आणि दुसऱ्यापुढे काना.

मैना.

लेख मुखपृष्ठावर जाईल इतका सजवला, पंधरा दिवस एका क्रियापदावर भांडले, आणि फोटोतल्या बाईच्या हातावर काय लिहिलंय ते चौघांपैकी एकानेही वाचलं नव्हतं. पण याने तरी काय उलगडलं? काशीबाईंच्या हातावर मैना कशाला असेल? लेक? मैत्रीण? प्रताप रस्त्याच्या कडेला उभा राहून पुन्हा गोंधळला.

फोन वाजला. मेहुणाच होता. “भाऊजी, विजूला सांगा, आई आठवण काढतेय.”

“कोण विजू?” प्रतापच्या तोंडून गेलं.

पलीकडे मेहुणा खदखदून हसला. “अहो, तुमची बायको!”

प्रतापने फोन ठेवला. लग्नात भटजींनी तांदळाचं ताट पुढे केलं होतं आणि त्याने अंगठीने त्यात नवं नाव रेखलं होतं: प्रियदर्शिनी. त्याला ते फार आवडायचं. माहेरची विजया त्या ताटातच राहिली. तिला आता फक्त तिचा भाऊ आणि आई हाक मारत होते.

“रिक्षा वळवा,” प्रताप म्हणाला. “परत मुरब्याला.” आणि त्याने प्रीतमला आणि उत्कर्षाताईंना फोन लावले.

५

संध्याकाळी सगळे भाविकाच्या ओट्यावर जमले. प्रीतम तोंड फुगवून बसला होता. उत्कर्षाताई शेजारणीच्या दाराकडे मुद्दाम बघत नव्हत्या. बबलू उंबऱ्यात उभा होता आणि काशीबाई खाली भिंतीला टेकून लसूण सोलत होत्या.

“आपण चुकीचा इतिहास उघडला,” प्रतापने सुरुवात केली. “आधी हेच होतं, असं लिहिणारा खोटं बोलत नव्हता. पण ते लेखाबद्दल नव्हतं. ते बाईबद्दल होतं.”

“संदर्भ?” प्रीतम म्हणाला.

“देतो. आधी त्या शब्दाकडे बघा. आपल्यातल्या कोणी टंकला असता तर ‘आधी’ आलं असतं. घाईत चुकला असता तर आणखीही काही चुकलं असतं. पण हे वाक्य लिहिलेलंच नाही, बोललेलं आहे. फोनवर माइकचं चित्र दाबायचं आणि बोलायचं, फोन लिहून घेतो. ‘व्हतं’ म्हटलं तर तो ‘होतं’ करतो, कारण व्हतं त्याला ठाऊक नसतं. पण ‘आदी’ हा शब्द त्याच्याकडे आहे, म्हणून तो तसाच ठेवतो. मावशी, मला लिहिता येत नाही म्हणालात, ते खरंच होतं.”

काशीबाईंच्या हातातला लसूण थांबला.

“आणि हा संदर्भ.” प्रतापने मोठा केलेला फोटो प्रीतमसमोर धरला.

प्रीतमने चष्मा कपाळावर ढकलला, फोन नाकाशी नेला. त्याचे ओठ हलले. मग त्याने फोन हळूच भाविकाला दिला.

“लग्नाआधीचं नाव,” प्रताप म्हणाला. “काशी हे इथलं. ही काशी नाही म्हणाल्या, तेही खरंच होतं.”

मग काशीबाईंनी पदर बाजूला केला आणि हात उताणा करून मांडीवर ठेवला. चोरी पकडली गेल्यासारखं त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. उलट थोडं बरंच वाटल्यासारखं दिसत होतं.

“घिवलीची मी. जत्रंत गोंदलं, बापाच्या मांडीवर बसून. लय रडले. आयनं बोंबील सुकवायला शिकिवलं तवा मी मैनाच व्हते. मग हितं आले. तांदळात काशी लिवलं. सासरा गेला, सासू गेली, मालक गेले. कोनी इचारलं नाय, आदी कोन व्हतीस.” त्या भाविकाकडे वळल्या. “तूच दाखिवलंस ना मला, आई, ह्या पेनशिलीवर बोट ठेवलं की कोनालाबी सुदारता येतं? मी सुदारलं. तर कोन तरी पुसतंय. मी परत सुदारलं.”

भाविकाच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. “आई, मला एकदा सांगायचंत तरी!”

“तू किती वाचतेस गं. मला वाटलं, फोटो काडताना हात बी वाचला आसशील.”

भाविका सासूजवळ खाली बसली. तिने तो हिरवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि त्यावर कपाळ टेकलं. उंबऱ्यातला बबलू दुसरीकडे बघत नाक ओढत होता. आईचं नाव त्यालाही आजच कळलं होतं.

प्रीतमने खाकरून घसा साफ केला. “भाविका, मी तक्रार लिहून ठेवली होती. ती फाडायची सोय नाही, फोनमध्ये आहे. पण पुसतो. तुझ्यासमोर पुसतो.” त्याने पुसली आणि फोन फिरवून तिला दाखवला. “चुकलो मी. फार चुकलो.”

मग तो काशीबाईंसमोर मांडी घालून बसला. “मावशी, साध्या माणसाचं नाव त्याच्या परवानगीशिवाय द्यायचं नसतं, असा नियम आहे. तुमची परवानगी आहे?”

“मगाधरनं काय सांगते मी?”

प्रीतमने स्वतःच्या खात्यातून ‘महिला’ पुसलं, ‘मैना’ लिहिलं. शब्दाचा कुणी पुन्हा भलता अर्थ घेऊ नये म्हणून पुढे ‘घिवली’ हे गावही घातलं. कारणाच्या चौकटीत तो अडला. क्षणभर विचार करून त्याने लिहिलं: ‘आदी हेच होतं’. सवयीने उत्कर्षाताईंचं बोट पुढे आलं, त्या ‘द’वर जाऊन थबकलं आणि मागे गेलं.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं द्यायचं असतं.”

काशीबाई प्रतापकडे वळल्या. “तुमच्या मंडळींचं आदीचं नाव काय, भाऊ?”

“विजया.”

“कदी हाक मारली त्या नावानं?”

एवढी सगळी कोडी सोडवून झाल्यावर या साध्या प्रश्नावर प्रताप पुरता गोंधळला.

भाविकाने डोळे पुसले आणि फोन सासूच्या समोर धरून मोठ्याने वाचून दाखवलं, “मुरबे येथे बोंबील वाळवणारी मैना, घिवली.”

काशीबाईंनी मान डोलावली. मग त्यांचं कपाळ आक्रसलं. त्यांनी सुनेच्या हातातून फोन घेतला, लसणाच्या बोटाने पेन्सिलीवर टिचकी मारली, माइकचं चित्र दाबलं, आणि प्रीतमच्या डोळ्यांत डोळे घालून फोनला खणखणीत आवाजात सांगितलं:

“सुकवनारी.”